दबका बार

औलिसनं बंदुकीची नळी सरळ आभाळाकडे उभी केली, मनात तीन आकडे मोजले आणि मग काठोकाठ भरलेलं भांडं उचलून ठेवावं तशी ती सावकाश आडवी आणली. गाल दस्त्याला टेकवला. खडीच्या जुन्या खाणीत, पन्नास पावलांवर, पुठ्ठ्याला चिकटवलेला कागद होता. त्यानं अर्धा श्वास सोडला आणि चाप ओढला.

आवाज कसला, जाड पुस्तक कुणी मिटावं एवढाच. समोरच्या मातीत गोळी रुतल्याचा थप्प त्याहून मोठा होता.

मग त्यानं मान वळवून मागच्या भूर्जाच्या झाडाकडे पाहिलं. रुस्का जमिनीला चिकटून पडली होती. कान मागे, शेपटी पोटाखाली, डोळे दुसरीकडेच.

“अगं, आता तर मलाही धड ऐकू आलं नाही,” तो म्हणाला. “तुला काय एवढं झालं?”

रुस्कानं शेपटी हलवली नाही. औलिसनं वही उघडली. यंत्रावर दिसलेला गोळीचा वेग लिहिला, छिद्र गोल असल्याचं लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात, मे महिन्यापासून लिहीत आला होता तेच लिहिलं: कुत्री – तशीच.

सबंध उन्हाळा त्यानं या एका बारापायी घातला होता. गोळी आवाजाहून वेगानं गेली की हवेत आसूड ओढल्यासारखा कडाका होतो, आणि तो कोणत्याही सायलेन्सरनं दबत नाही. कडाका नको तर गोळी हळू सोडायची. पण बारीक नळीची हलकी गोळी हळू सोडली तर तिच्यात जीव उरत नाही, पन्नास पावलांवर पक्षी नुसता दचकून उडतो. म्हणून गोळी जड हवी. आणि जड म्हणजे लांब, तिला नळीतून जाताना चांगला पीळ बसला नाही तर ती हवेत डुलायला लागते. जूनभर त्याच्या कागदावर गोळ्या आडव्या लागत होत्या. गोल छिद्राऐवजी कुलपाच्या भोकासारखी लांबट छिद्रं. शेवटी त्यानं काइनूतल्या एका बंदूकवाल्याकडून जास्त पिळाची नळी बसवून घेतली. त्याची बायको इर्मा असती तर म्हणाली असती, एवढ्या पैशात घराचं छप्पर झालं असतं. इर्मा जाऊन चार वर्षं झाली होती, आणि छप्पर गळतच होतं.

नळी वर करून खाली आणायची सवयही याच कामातली. दबक्या बाराच्या काडतुसात दारू इतकी थोडी असते की ती आत इकडेतिकडे पसरते. नळी आधी आभाळाकडे केली की सगळी दारू बुडाशी, ठिणगी देणाऱ्या टोपीजवळ गोळा होते, आणि मग प्रत्येक गोळीचा वेग सारखा येतो. हे केलं नाही तर एक गोळी पुढे, एक मागे. औलिस ही गोष्ट देवळात मेणबत्ती लावावी तशी न चुकता करायचा.

हे सगळं रुस्कासाठी होतं. रुस्का तांबड्या केसांची, उभ्या कानांची, सहा वर्षांची. तिच्या जातीचं काम एकच. रानात मेत्सो हुडकायचा, तो मोठा काळा पक्षी पाइनच्या शेंड्यावर जाऊन बसला की बुंध्याशी उभं राहून भुंकत राहायचं. पक्षी खाली कुत्र्याकडे टक लावून बसतो आणि शिकारी त्या भुंकण्याच्या आडोशानं पाऊल पाऊल पुढे सरकतो. भुंकणं थांबलं की पक्षी सावध झालाच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत रुस्का एका झाडाखाली दोन दोन तास भुंकायची. आता औलिस पन्नास पावलांवर आला की तिची वाचाच जायची. पक्षी उडायचा, आणि ही गवतात तोंड खुपसून पडायची.

सगळ्यांना त्यानं एकच सांगितलं होतं. तिच्या डोक्यावरून बार काढला, ती माझी चूक. तेव्हापासून आवाजाला बुजली.

* * *

“तुझ्या बाईची दातखीळ काही उघडत नाही,” तौनो म्हणाला.

तौनो तळ्यापलीकडचा शेजारी. चाळीस हंगाम दोघं एकत्र रानात गेले होते. तो स्वयंपाकघरात बूट न काढता आला होता आणि तिसरा कप कॉफी स्वतःच ओतून घेत होता.

“आवाज जवळजवळ गेलाय आता,” औलिस म्हणाला. “तिला हळूहळू सवय होईल.”

“दहा सप्टेंबरला हंगाम उघडतो. आज सहा.”

“मला तारीख कळते.”

“तू त्र्याहत्तरचा. आता नवं पिल्लू आणून त्याला शिकवेपर्यंत तुलाच कुणीतरी हात धरून रानात न्यावं लागेल.” तौनो हसला, मग हसायचा थांबला. “हे बघ, बुजलेलं कुत्रं सुधारत नाही. माझा बापही तेच म्हणायचा. तुझ्याच्यानं होत नसेल तर मी घालतो गोळी. कण्हणार पण नाही ती.”

औलिसनं कप टेबलावर ठेवला.

“हा हंगाम बघू दे,” तो म्हणाला.

“बघ बाबा. बंदूक गप्प करत करत तू सगळं रानच गप्प करशील.”

दाराशी, थंड फरशीवर रुस्का निजली होती. पूर्वी ती चुलीजवळच्या चिंध्यांच्या सतरंजीवर, औलिसच्या पायांवर हनुवटी टेकवून निजायची. आता दाराशी निजते. वय झालं की कुत्र्यांना गरम सोसत नाही, असं औलिसनं स्वतःची समजूत घालून घेतली होती. सहा म्हणजे काही वय नव्हे, हे त्यालाही माहीत होतं.

* * *

हेल्का आठ तारखेला संध्याकाळी क्वोपियोहून आली. औलिसची एकुलती एक मुलगी, एक्केचाळीसची, शाळेत शिकवायची. आई गेल्यापासून दर वर्षी हंगाम उघडताना तीन-चार दिवस यायची. बंदूक तिला बापानंच शिकवली होती, आणि नेम त्याच्याहून बरा होता. ती गाडीतून उतरली तशी रुस्का तिच्याभोवती तीनदा पळाली आणि पोट वर करून लोळली.

“बघ, हिला माझी आठवण आहे,” हेल्का म्हणाली.

“वेलदोड्याच्या पावाचा वास आला असेल तिला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला खाणीवर घेऊन गेला. त्याला ते दाखवायचंच होतं. दाखवायला दुसरं कोणी नव्हतं, आणि तौनोला या कामातलं काही कळत नव्हतं. त्यानं वहीची पानं उलटून दाखवली, आडव्या छिद्रांचे कागद दाखवले, नव्या नळीची गोल छिद्रं दाखवली. थंडीत आवाजही हळू चालतो, म्हणून ऑगस्टात दबलेला बार दहिवरात कडाडू शकतो, त्यासाठी वेग आणखी थोडा खाली ठेवलाय, हेही सांगितलं. बोलताना तो तरणा दिसत होता.

“हे सगळं रुस्कासाठी?” हेल्कानं विचारलं.

“मग काय माझ्यासाठी? ऐक आता.”

हेल्का बाजूला उभी राहिली. औलिसनं काडतूस भरलं. नळी आभाळाकडे उभी केली, तीन आकडे मोजले, सावकाश खाली आणली. चाप ओढला. पुस्तक मिटल्याचा आवाज.

त्यानं मान वळवली. रुस्का भुईसपाट. “बघितलंस? एवढ्याशा आवाजालाही.”

हेल्का कागदाकडे बघतच नव्हती. ती भूर्जाकडे बघत होती, आणि बहुधा सुरुवातीपासून तिकडेच बघत होती.

“बाबा, परत एकदा कर. पण काडतूस भरू नकोस.”

“रिकामी बंदूक? तिनं काय होणार?”

“कर तर खरं.”

औलिसनं रिकामी बंदूक वर केली. एक, दोन.

“थांब,” हेल्का म्हणाली. “तशीच वर धर. आता मागे बघ.”

त्यानं नळी वर असतानाच मान वळवली. रुस्का जमिनीला चिकटलेली होती. कान मागे, शेपटी पोटाखाली. आवाज झालाच नव्हता.

मे महिन्यापासून तो आधी कागदाकडे बघत आला होता आणि मग कुत्रीकडे. दोन्हींच्या मधे काय होतं ते त्यानं बघितलंच नव्हतं.

गाडीतून हेल्कानं त्याची मोठी बंदूक आणली, सायलेन्सर नसलेली, पुऱ्या भराची. ती सरळ कमरेवरून खांद्याला लावली, वर-खाली काही नाही, आणि बार काढला. खाणीच्या चारही भिंतींनी तो परत फेकला. पलीकडच्या झाडांतून दोन कावळे उठले. औलिसच्या कानात दडे बसले.

रुस्कानं मान वर केली. कान टवकारले. कुणाला पाडलं ते बघायला ती दोन पावलं पुढे आली आणि हेल्काच्या गुडघ्याशी येऊन बसली.

“तिला आवाजाची भीती नाही, बाबा,” हेल्का म्हणाली.

औलिस लाकडी बाकावर बसला. बंदूक मांडीवर आडवी घेतली. बराच वेळ तो नळीवरचा बोटाचा तेलकट ठसा पुसत राहिला, एकाच जागी.

“तू हिला मारलंस का?”

“डोक्यावरून बार...”

“बाबा.”

खाणीच्या तळाशी साचलेल्या पाण्यावर वारा आला आणि गेला.

“दोन वर्षांपूर्वी,” तो म्हणाला. “पाऊस आणि त्यात बर्फ. दीड तास भुंकत होती ती, एका झाडाखाली. हललीसुद्धा नाही. असला पक्षी मी आयुष्यात चारदा पाहिला असेन. चाळीस पावलांवरून, फांदीला टेका देऊन बार काढला.”

“आणि?”

“चुकला.”

हेल्का रुस्काशेजारी खाली बसली.

“पक्षी उडाला दलदलीवरून. ही त्याच्यामागे. हाका मारून घसा बसला. तीन तास. हात गारठून लाकूड झाले होते. अंधार पडायच्या बेताला आली. चिंब भिजलेली.” त्यानं नळीवरून बोट उचललं. “शेपटी हलवत आली होती, हेल्का. मी शाबासकी देईन असं वाटलं होतं तिला. मी रोवानच्या झाडाची फांदी मोडली आणि उगारली.”

“किती?”

“मोजले नाहीत.”

चुकला होता तो, मार खाल्ला तिनं. वड्याचं तेल वांग्यावर. त्याच रात्री त्याला ते कळलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तौनोनं विचारलं तेव्हा डोक्यावरच्या बाराची गोष्ट तोंडातून अशी सहज निघाली की पुढे पुढे त्याची त्यालाच ती खरी वाटायला लागली. इतकी खरी, की तिच्यावर इलाज म्हणून त्यानं नवी नळी बसवली.

“लाज वाटते मला,” तो म्हणाला. हे वाक्य त्यानं याआधी कुणाजवळ उच्चारलं नव्हतं.

हेल्का रुस्काच्या कानामागे खाजवत होती. ती वर न बघता बोलली.

“घरी पाहुणे आले की आई सांगायची, आमची हेल्का जरा बुजरी आहे, बोलत नाही फारशी. तूही सांगायचास.”

“होतीस तू बुजरी.”

“मी दिवसभर बडबडते, बाबा. शाळेत सगळे मला गप्प बसवायला बघतात.” तिनं बोटं थांबवली नाहीत. “मी बुजरी नव्हते. तू दारात आलास की तुझे हात कुठे आहेत ते आधी बघायचे मी. बस, एवढंच.”

औलिसला काहीतरी म्हणायचं होतं. मी तुला फार नाही मारलं, असं त्याच्या जिभेवर आलं होतं, आणि ते किती घाण वाक्य आहे हे त्याला ओठ उघडायच्या आत कळलं. त्यानं हातांकडे पाहिलं. मोठे हात होते ते, नखांत दारूची काळी रेघ.

“मोजले नाहीत,” तो पुन्हा म्हणाला. या वेळी तो कुणाबद्दल बोलतोय ते दोघांनाही कळलं.

“माहितीये,” हेल्का म्हणाली. मग उठून तिनं कागद सोडवला, घडी केली आणि त्याच्या वहीत ठेवला. “चल. कॉफी निवत असेल थर्मासमध्ये.”

* * *

दहा तारखेला पहाटे दहिवर पडलं होतं. हेल्कानं मोठी बंदूक घेतली. दबक्या बाराची वीस काडतुसं औलिसनं डबीत भरून टेबलावर ठेवली होती, ती तिथेच राहिली.

“तू येणार ना?” तिनं विचारलं.

“मी जाळ करून बसतो दलदलीच्या कडेला. गुडघा दुखतोय.”

गुडघा दुखत होता, हे खरंच होतं. नसता दुखला तरी तो तिथेच बसला असता.

त्यानं काळ्या किटलीत पाणी उकळायला ठेवलं. सात वाजून गेले, आठ वाजले. मग उत्तरेकडच्या उंचवट्यावरून पहिलं भुंकणं आलं. एक, मग दोन, मग एकसारखं, लयीत, दाराची कडी कुणी न कंटाळता वाजवत राहावी तसं. औलिसनं किटली जाळावरून काढली, उकळण्याच्या आवाजानं ऐकण्यात व्यत्यय नको म्हणून.

आता हेल्का पुढे सरकत असेल. ऐंशी पावलं. साठ. त्यानं डोळे मिटून घेतले आणि तो शांततेची वाट बघू लागला. दोन वर्षं तो याच टप्प्याला येऊन हरला होता. पन्नास. रुस्का भुंकत होती. चाळीस. रुस्का भुंकत होती. तिचा आवाज जरासा चिरकलाही, पूर्वी आनंदानं चिरकायचा तसा, आणि औलिसला इतकं वाईट वाटलं की त्यानं तोंडावर टोपी धरली.

मग बार झाला. सगळं रान दणाणलं. दलदलीवरून तो आवाज तळ्यापर्यंत गेला आणि परत आला. त्यामागोमाग रुस्का दोनदा भुंकली, आखूड, खुशीत.

हेल्का तासाभरानं आली. पक्षी पाठीवरच्या पिशवीतून लोंबत होता, त्याची मान तिच्या कमरेपर्यंत येत होती. रुस्का पुढे पळत आली आणि जाळापासून दोन पावलांवर थांबली. तिच्या नाकाला पिसं चिकटली होती.

औलिसनं दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. हलवले नाहीत.

“शाब्बास,” तो हळूच म्हणाला. “शाब्बास गं पोरी. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.”

रुस्का त्याच्याकडे बघत राहिली. शेपटी थोडी हलली, मग थांबली. मग ती जिथे होती तिथेच, दोन पावलांवर, खाली बसली. हेल्कानं तिघांसाठी सॉसेज भाजलं.

दुपारी तौनो पक्षी बघायला आला. मेत्सोचे पंख दोन्ही हातांनी पसरून त्यानं शीळ घातली.

“काय सांगतोस! म्हणजे चाललं की तुझं औषध. दबका बार!”

“नाही चाललं,” औलिस म्हणाला. “रोगच दुसरा होता.”

“कसला रोग?”

“मी तिला मारलं होतं, तौनो. डोक्यावरून बार वगैरे काही नव्हतं. फांदीनं मारलं होतं.”

तौनोनं पंख खाली ठेवले. तो बराच वेळ पक्ष्याच्या पायांवरची पिसं न्याहाळत उभा राहिला.

“कॉफी आहे का?” त्यानं विचारलं, आणि या खेपेस दारात बूट काढले.

* * *

रविवारी सकाळी हेल्का सामान गाडीत भरत होती तेव्हा औलिस रुस्काचा गळपट्टा, दोरी, जेवणाचं भांडं आणि चिंध्यांची सतरंजी घेऊन बाहेर आला. सतरंजी त्यानं झटकून आणली होती.

“हे काय?” हेल्का म्हणाली.

“हिला घेऊन जा.”

“मी मागितली नाही, बाबा.”

“मागणार नाहीस, ठाऊक आहे. कधीच काही मागितलं नाहीस.” त्यानं सतरंजी मागच्या सीटवर पसरली, कडा सरळ केल्या. “दर हंगामाला आण. मी जाळ करून बसेन.”

“तुझं हे शेवटचं कुत्रं. तूच म्हणतोस.”

“म्हणून तर.”

हेल्कानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पुढे होऊन तिनं त्याला मिठी मारली, घाईत आणि जरा आडवीच, दोघांनाही सवय नसल्यासारखी. औलिसचे हात दोन्ही बाजूंना तसेच खाली राहिले. ते कुठे ठेवावे हे त्याला कळेना.

रुस्का उडी मारून सतरंजीवर बसली, दोनदा गोल फिरली आणि मागच्या काचेतून बाहेर बघू लागली. गाडी सुरू झाली. हेल्कानं काच खाली करून हात बाहेर काढला.

औलिसचा उजवा हात आपोआप उठला. कमरेपर्यंत आला, आणि त्याला काचेआडचे ते दोन उभे कान दिसले. त्यानं हात तिथेच थांबवला, खाली आणला आणि कोटाच्या खिशात घातला. मान तेवढी हलवली.

खडीच्या रस्त्यानं गाडी उताराला लागली. टपालाच्या डब्यांपाशी वळली. भूर्जांच्या आड तांबडा दिवा एकदा लागला, विझला, मग नुसता इंजिनाचा आवाज राहिला, आणि थोड्या वेळानं तोही राहिला नाही.

तेव्हा त्यानं खिशातून हात काढला आणि वर केला. कितीतरी वेळ तो तसाच उभा होता.